मूत्रपिंड खरोखर बरे झाले काय?

दुखणे हटले आणि माणूस घरी आला, की घरात केवढा आनंद होतो हे कोणाला सांगावयास नको. देवापुढे साखर ठेवली जाते, नारळ वाढवला जातो, शेजारीपाजारी विचारपूस करून जातात आणि 'मोठ्या संकटातून सुटलो' असे म्हणून घरची मंडळी पुन्हा आपापल्या कामाला लागतात. हा आनंद योग्यच आहे. परंतु काही दुखणी अशी असतात, की ती जाताना आपल्या मागे दार किंचित उघडे ठेवून जातात. मूत्रपिंडाला अकस्मात होणारी इजा हे त्यांपैकी एक होय. ते दार लागले आहे की उघडे राहिले आहे हे ओळखण्याचे एक जुने, साधे आणि अल्प खर्चाचे साधन वैद्यकाजवळ आहे. ते म्हणजे मूत्रातील प्रथिनांची परीक्षा. ह्या परीक्षेविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम एक उदाहरण घेऊ. भातकापणीच्या दिवसांत शेतावर गेलेल्या चाळिशीतल्या एका शेतकऱ्याला घोणस चावते. त्याला वेळेवर रुग्णालयात नेतात, सर्पविषावरची लस टोचतात आणि प्राण वाचतो. पण दुसऱ्या दिवसापासून त्याची लघवी कमी होऊ लागते, चेहऱ्यावर सूज येते आणि रक्तातील क्रिएटिनिन ह्या टाकाऊ द्रव्याचे प्रमाण चढत जाते. पाच-सहा वेळा यंत्राने रक्त शुद्ध करावे लागते. आपण ज्याला डायलिसिस म्हणतो ते हेच. मग दोन-तीन आठवड्यांनी लघवी मोकळी होते, क्रिएटिनिन उतरते आणि रोगी घरी येतो. पुढच्या हंगामाला तो पुन्हा शेतावर असतो. चार वर्षांनी मात्र पायांवर सूज येते, चालताना धाप लागते, अन्नावरची वासना जाते. तपासणीत आढळते, की रक्तदाब भलताच वाढलेला आहे आणि दोन्ही मूत्रपिंडे आकसून गेली आहेत. मधल्या चार वर्षांत त्याला कसलाही त्रास नव्हता आणि त्या काळात त्याचे मूत्र कोणी एकदाही तपासले नव्हते.

हे उदाहरण कोणा एका व्यक्तीचे नाही. पण मूत्रपिंडाच्या विकारांवर उपचार करणाऱ्यांना ते अपरिचित वाटणार नाही. निमित्त मात्र निरनिराळे असते. कोठे जुलाब-वांत्यांनी शरीरातील पाणी आटते, कोठे हिवताप, कोठे पावसाळी चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, कोठे बाळंतपणातील अतिरक्तस्राव, कोठे मोठी शस्त्रक्रिया, तर कोठे सांधेदुखीवर मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. कारण कोणतेही असो, काही तासांत वा काही दिवसांत मूत्रपिंडांचे काम मंदावते किंवा थांबते. ह्यालाच मूत्रपिंडाची तीव्र इजा म्हणतात.

आता मूत्रातील प्रथिनांना एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी मूत्रपिंडाची रचना थोडी पाहिली पाहिजे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढ्या आकाराची ही दोन इंद्रिये असतात. प्रत्येकाचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम. पण हृदय जेवढे रक्त बाहेर लोटते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा ह्या दोघांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरीने दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म घटक असतात. त्यांना आपण गाळणघटक म्हणू. प्रत्येक घटकाच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक झुबका असतो, ती गाळणी. तिच्यापुढे एक लांब, वळणावळणाची नलिका असते. गाळणीतून रक्तातील पाणी, क्षार आणि टाकाऊ द्रव्ये खाली उतरतात आणि नलिका त्यांतील उपयुक्त तेवढे परत उचलून रक्तात पोहोचवते. चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातून मूत्र म्हणून बाहेर पडतो केवळ दीड लिटर. काटकसरीचा ह्याहून चांगला दाखला घरच्या गृहिणीच्या हिशेबातही सापडणार नाही!

ह्या गाळणीचा मुख्य गुण असा, की ती पाणी सोडते पण प्रथिने अडवते. रक्तातील मुख्य प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. रक्तद्रवाच्या एका लिटरात ते सुमारे चाळीस ग्रॅम असते. म्हणजे १८० लिटर पाणी ज्या रक्तद्रवातून गाळले जाते, त्यात सात किलोंहून अधिक अल्ब्युमिन असते. ते सारे दिवसभर गाळणीच्या दाराशी येऊन परत फिरते आणि निरोगी माणसाच्या मूत्रात उतरते ते तीस मिलिग्रॅमपेक्षाही कमी. इतका कडक पहारा आहे. तेव्हा मूत्रात प्रथिन दिसू लागले, की त्याचा एक सरळ अर्थ संभवतो: पहारा ढिला झाला आहे, किंवा निसटलेले प्रथिन परत उचलून घेण्याची नलिकेची शक्ती उणावली आहे.

मूत्राकडे पाहून रोग ओळखण्याची खटपट फार पुरातन आहे. आपल्याकडील वैद्य मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो ते पाहत. प्राचीन ग्रीक वैद्यकात, मूत्रावर बुडबुडे टिकून राहणे हे मूत्रपिंडाच्या चिवट विकाराचे लक्षण म्हणून नोंदलेले आहे. पण ह्या निरीक्षणाला शास्त्राचे रूप दिले ते लंडनच्या गाईज रुग्णालयातील डॉक्टर रिचर्ड ब्राइट ह्यांनी. अंगावर सूज असलेल्या रोग्यांचे मूत्र ते एका चमच्यात घेत आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवीत. अंड्याचा पांढरा बलक तापल्यावर गोठतो, तसे काहींचे मूत्र चमच्यातच गढूळ होऊन साकळे. असे रोगी पुढे दगावले, की शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडे विकृत झालेली आढळत. कित्येकांची तर आकसलेली आणि खरबरीत. १८२७ साली ब्राइट ह्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ मूत्रपिंडाच्या ह्या विकाराला जग 'ब्राइटचा रोग' म्हणूनच ओळखत होते. एक चमचा आणि एक मेणबत्ती एवढ्या सामग्रीवर शरीराच्या आत दडलेल्या रोगाचा माग लागला.

ब्राइट ह्यांनी वर्णिलेला रोग मुख्यतः हळूहळू वाढणारा होता. अकस्मात होणाऱ्या इजेकडे जगाचे लक्ष वेधले ते दुसऱ्या महायुद्धाने. लंडनवर बाँबवर्षाव होत असता कोसळलेल्या घरांखालून कित्येक माणसे जिवंत बाहेर काढली जात. हातपाय चेंगरलेले असत, पण सुरुवातीला प्रकृती बरी वाटे. मग लघवी काळपट होई, कमी होई आणि आठवड्याभरात रोगी मूत्रपिंडे बंद पडून मरे. बायवॉटर्स आणि बील ह्या दोघा डॉक्टरांनी १९४१ साली अशा रोग्यांचे वर्णन केले. चिरडलेल्या स्नायूंतील रंगद्रव्य मूत्रपिंडाच्या नलिकांत साचून त्या निकामी होतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्याच सुमारास हॉलंडमध्ये कांपेन गावी विलेम कोल्फ हे तरुण डॉक्टर कृत्रिम मूत्रपिंड बनवण्याच्या धडपडीत होते. देश जर्मनांच्या ताब्यात, साहित्याचा दुष्काळ. सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी त्यांनी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप क्षारयुक्त पाण्यात फिरत ठेवले. १९४३ पासून त्यांनी ज्यांच्यावर हा प्रयोग केला त्यांतील बहुतेक रोगी दगावले. परंतु १९४५ साली सदुसष्ट वर्षांची एक बेशुद्ध स्त्री ह्या यंत्राच्या उपचाराने शुद्धीवर आली आणि तिची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली. तीव्र इजा झालेल्या मूत्रपिंडांना सवड मिळाली, की ती सावरू शकतात, ही आशा ह्या एका घटनेने जगाला दिली.

ह्या आशेतूनच पुढे एक समजूत रूढ झाली. ती अशी, की तीव्र इजेतून जो वाचला तो पूर्ण बरा झाला. ह्या समजुतीला आधार नव्हता असे नव्हे. मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशी मेल्या तरी शेजारच्या पेशी विभागून त्यांची जागा भरून काढतात. रोगी हिंडूफिरू लागे, क्रिएटिनिन उतरे आणि वैद्य त्याला निरोप देत. पण विसाव्या शतकाच्या अखेरीपासून, विशेषतः गेल्या दोन-तीन दशकांत, अशा रोग्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हा चित्र निराळे दिसू लागले. इजेतून उठलेल्यांपैकी सर्वांना नव्हे, पण इतरांच्या मानाने पुष्कळ अधिक जणांना पुढे मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडतो, असे आढळून आले.

असे का व्हावे? ह्याचे मर्म असे, की नलिकेच्या पेशी नव्या येतात, पण संपूर्ण गाळणघटक नवा येत नाही. आपल्या वाट्याचे सर्व घटक मातेच्या उदरात असतानाच तयार होतात. जन्मानंतर त्यांत भर पडत नाही. इजा मोठी असेल, तर काही घटक कायमचे जातात आणि त्यांच्या जागी निरुपयोगी तंतू भरतात. मग उरलेल्यांवर सारा भार येतो. सहा बैलांच्या नांगराचे दोन बैल बसले, तर उरलेल्या चौघांना ओढावे लागते. शेत नांगरून होते, बांधावर उभ्या असलेल्या माणसाला काही उणे दिसत नाही; पण चौघांच्या खांद्यांना आवाळू येते आणि त्यांतीलही एखादा लवकरच बसतो. उरलेल्या गाळणघटकांचे असेच होते. त्यांच्यातील रक्ताचा दाब वाढतो, गाळणी ताणली जाते, तिच्या फटी रुंदावतात आणि प्रथिन निसटू लागते. निसटलेले हे प्रथिन नुसती खूण म्हणून राहत नाही. नलिकेच्या पेशी ते परत उचलण्यासाठी शिकस्त करतात, त्या भाराने तेथे दाह होतो आणि आणखी तंतू भरतात. घटक कमी म्हणून गळती, आणि गळतीमुळे घटक आणखी कमी, असे हे चक्र फिरू लागते.

येथे कोणी विचारील, की रक्ताची तपासणी झाली होती, क्रिएटिनिन उतरले होते, मग हे कळले कसे नाही? ह्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की मूत्रपिंडांजवळ शक्तीचा मोठा साठा असतो; निम्म्याच्या आसपास शक्ती गेली तरी क्रिएटिनिन फारसे चढत नाही. दुसरे कारण पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. क्रिएटिनिन हे स्नायूंपासून तयार होते. तीन-चार आठवडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे स्नायू झडतात, म्हणून त्याचे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. कागदावरचा आकडा चांगला दिसतो, तो मूत्रपिंड सुधारले म्हणून नव्हे, तर माणूस वाळला म्हणूनही असू शकतो. अशा वेळी केवळ रक्ताच्या आकड्यावर विसंबणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होय.

मूत्रातील प्रथिनाची साक्ष किती विश्वसनीय आहे, ह्याचा पडताळा अलीकडे घेतला गेला आहे. उत्तर अमेरिकेत २००९ ते २०१५ ह्या काळात रुग्णालयात राहून गेलेल्या १५३८ प्रौढांची ह्यासाठी निवड झाली. त्यांतील निम्म्यांना, म्हणजे ७६९ जणांना, तेथे असताना मूत्रपिंडाची तीव्र इजा झाली होती. उरलेल्या ७६९ जणांना झाली नव्हती. रुग्णालयातून सुटल्यावर तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या मूत्रातील अल्ब्युमिन मोजले गेले आणि मग सुमारे पावणेपाच वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. एकूण १३८ जणांचा मूत्रपिंडाचा विकार वाढत गेला. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तीन महिन्यांच्या त्या परीक्षेत अल्ब्युमिनचे प्रमाण जितक्या वेळा दुप्पट, तितक्या वेळा पुढील धोका सुमारे दीडपट होत जातो. एकाच्या मूत्रात अल्ब्युमिन दुसऱ्याच्या आठपट असेल, तर धोका साडेतीनपट होतो. शिवाय, इजा होऊन गेलेल्यांच्या बाबतीत ही एकटी परीक्षाच भविष्य बऱ्याच अंशी अचूक सांगू शकली. वय, रक्तदाब इत्यादी गोष्टींची भर घातल्यावर त्या भाकितात थोडीच सुधारणा झाली. ब्राइट ह्यांच्या चमच्याने जी गोष्ट सुचवली होती, तिचाच हा आकड्यांतला पुरावा म्हणावयाचा.

आता व्यवहाराकडे वळू. ज्याला मूत्रपिंडाची तीव्र इजा होऊन गेली आहे, मग डायलिसिस करावे लागलेले असो वा नसो, त्याने घरी आल्यावर तीन महिन्यांच्या सुमारास पुन्हा तपासणी करून घ्यावी, असे वैद्यकशास्त्राचे सांगणे आहे. ह्या वेळी रक्तातील क्रिएटिनिन, रक्तदाब आणि मूत्रातील अल्ब्युमिन ही तिन्ही पाहावीत. आपण पुण्यात असा, इंदूरला असा की दिल्लीला, प्रयोगशाळेत 'युरिन अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो' एवढे म्हटले की पुरे. सकाळची पहिली लघवी ह्यासाठी उत्तम. मूत्रातील एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन तीस मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. तीस ते तीनशे असेल तर सावध व्हावे. तीनशेच्या वर गेल्यास तज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. जेथे ही सोय नसेल तेथे मूत्रात बुडवून रंग पाहण्याची पट्टीही प्राथमिक चौकशीला उपयोगी पडते. मात्र ताप, अतिश्रम, मासिक पाळी किंवा मूत्रमार्गाचा दाह ह्यांमुळेही मूत्रात तात्पुरते प्रथिन दिसते. म्हणून एकाच परीक्षेवरून घाबरून न जाता ती पुन्हा करून पाहावी.

आणि प्रथिन आढळलेच, तर हातपाय गाळण्याचे कारण नाही. हे चक्र मंदावण्याचे उपाय आहेत. पहिला उपाय रक्तदाब ताब्यात ठेवण्याचा. त्यासाठी मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत ठेवावे. आपले लोणचे, पापड आणि सांडगे ह्यांच्याशी त्यामुळे थोडा दुरावा पत्करावा लागतो. दुसरा उपाय औषधांचा. गाळणीतील दाब उतरवून गळती कमी करणारी काही औषधे आहेत. त्यांतल्या एका वर्गाची जन्मकथा मोठी नवलाची आहे. ब्राझीलमधील जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषात रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारे एक द्रव्य सेर्जियो फेरेरा ह्या शास्त्रज्ञाला आढळले. ते त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. त्या धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल हे औषध तयार झाले. मधुमेहामुळे मूत्रातून प्रथिन जाणाऱ्या रोग्यांत ह्या औषधाने मूत्रपिंडाचा ऱ्हास होण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटतो, हे १९९३ साली सिद्ध झाले. एका सापाचे विष मूत्रपिंडाला मारते आणि दुसऱ्या सापाच्या विषातून त्याचे तारक औषध निघते! मात्र तीव्र इजेतून नुकत्याच उठलेल्या रोग्याला ही औषधे केव्हा आणि किती द्यावी, हे वैद्यानेच ठरवावयाचे असते, कारण ती सुरू केल्यावर रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासत राहावे लागते. जुलाब-वांत्या सुरू झाल्या तर ती काही दिवस थांबवावी काय, हेही वैद्याला आधीच विचारून ठेवावे.

तिसरी गोष्ट टाळण्याची. एकदा इजा झालेल्या मूत्रपिंडाला दुसरा धक्का सोसत नाही. म्हणून अंगदुखीच्या गोळ्या आणि घटक अज्ञात असलेली भस्मे व काढे वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नयेत. जुलाब होऊ लागल्यास मीठ-साखरेचे पाणी त्वरित सुरू करावे. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूत्रातून प्रथिने जातात असे ऐकले, की कोणी रोग्याला भरपूर अंडी आणि डाळी खाऊ घालतात, तर कोणी डाळीचे नावच काढू देत नाहीत. दोन्ही टोके वाईट. फुटक्या घागरीत अधिक पाणी ओतल्याने घागर सांधत नाही आणि पाणी ओतणे अजिबात बंद केले तर घरात प्यायला पाणी राहत नाही. आहार किती असावा, ते रोग्याची स्थिती पाहून ठरवावयाचे असते.

आपल्या त्या शेतकऱ्याकडे पुन्हा एकदा पाहू. घरी आल्यानंतर तिसऱ्या महिन्यात त्याने एक बाटली लघवी तपासावयास दिली असती, तर काय झाले असते? त्याचा विकार मुळीच वाढला नसता, असे छातीठोकपणे कोणी म्हणणार नाही. पण त्याचा रक्तदाब वेळीच ध्यानात आला असता, गळती कमी करणारे औषध सुरू झाले असते, गुडघेदुखीची गोळी टळली असती आणि मूत्रपिंडांचे काही वर्षांचे आयुष्य, कदाचित पुष्कळ वर्षांचे, हाती लागले असते. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला खेपा घालणाऱ्या कुटुंबाला विचारा, म्हणजे ह्या वर्षांचे मोल कळेल.

मूत्रपिंड हे मुके इंद्रिय आहे. दात दुखतो, पोट दुखते, हृदयही धडधडून आपली व्यथा सांगते. पण मूत्रपिंड बहुधा अखेरपर्यंत तक्रार करीत नाही. त्याच्याजवळ बोलण्याची एकच भाषा आहे आणि ती म्हणजे मूत्र. म्हणून आपल्या घरात, नात्यात वा शेजारी असा कोणी दुखण्यातून उठलेला असेल, तर त्याचे अभिनंदन करताना एक प्रश्न अवश्य विचारावा: "तीन महिने झाले का? आणि लघवी तपासली का?"